वांदोवालीची फेरी

आमच्या बोटीवर गाडी उलटी चढवावी लागते, आणि शहरातल्या माणसाला गाडी उलटी चालवता येत नाही. माझा अर्धा जन्म त्यांच्यावर ओरडण्यात गेला. बोटीच्या तोंडाचं लोखंडी दार साखळ्यांनी खाली येतं, धक्क्याच्या उतारावर टेकतं. त्या दारावर उभं राहून मी एकेका गाडीला हातानं बोलवायची. डावीकडे. अजून डावीकडे. अहो, आरशात बघा, माझ्या तोंडाकडे काय बघताय! गाडी जागेवर लागली की चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, मोठी असली तर पट्ट्यांनी आवळायची, मग पुढची बोलवायची. हे काम पूर्वी बाईमाणूस करत नसे. माझा नवरा करायचा. त्याची कंबर गेली तेव्हा तात्पुरती म्हणून मी उभी राहिले, आणि नंतर मला कोणी हटवलं नाही.

मी मालसून, कुमोदो बेटावरची. आमची बोट कुमोदो आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचा हाकदोंगचा धक्का यांच्यामध्ये ये-जा करते. पूर्वी ती बेटाच्या सोसायटीची होती. इंजिन दर पावसाळ्यात रुसायचं, संडासाचं दार लागायचं नाही, पण बोट आमची होती. मग सोसायटी बुडाली आणि बोट एका कंपनीनं घेतली. त्याच कंपनीनं बेटाच्या पश्चिमेच्या वाळूवर मोठं रिसॉर्ट बांधलं. बोटीला नवा रंग आला, खुर्च्यांना मऊ गाद्या आल्या, आणि गाड्यांची जागा मोबाईलवर आधी राखून ठेवायची पद्धत आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिसॉर्टचे पाहुणे महिनाभर आधी सगळ्या जागा धरून ठेवत. आम्ही बेटावरची माणसं रांगेत उभी राहून उरलीसुरली जागा मिळते का बघायचो.

वांदोवाली म्हणजे वांदोहून लग्न होऊन आमच्या गावात आलेली म्हातारी. आमच्याकडे बाईला माहेरच्या गावानंच हाक मारतात. तिचं खरं नाव मला कधी माहीत नव्हतं. ती रोज सकाळच्या बोटीनं शिंपले आणि लसूण घेऊन हाकदोंगच्या बाजारात जायची. इंजिनघराच्या दाराशी गरम वाफ येते, तिथे तिची जागा. दुसरं कोणी बसलं तर ती त्याच्या मांडीवर टोपली ठेवायची.

"ए मालसून," ती म्हणायची, "हळू ओरड गं. तुझ्या आवाजानं मासे जपानला गेले."

"आणि तुझ्या तोंडाला भिऊन परत आले," मी म्हणायची.

बोटीवर बायकांसाठी संडास नव्हता तेव्हाची गोष्ट. सोसायटीचे चेअरमन एकदा वादळी हवेत बोटीवर होते. वांदोवालीनं त्यांचा हात धरून त्यांना कठड्याशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चला, आता इथे बसून दाखवा. आम्ही तीस वर्षं असंच करतोय." पुढच्या महिन्यात संडास झाला. तो आजही आहे, आणि रिसॉर्टच्या बायका त्यात जातात.

ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, ती हाकदोंगच्या पलीकडच्या मोठ्या इस्पितळात वारली. गावामागच्या टेकडीवर तिच्या नवऱ्याची कबर आहे. शेजारची जागा तिनं स्वतः दर वर्षी गवत कापून ठेवलेली. तिला तिथेच न्यायचं होतं, याबद्दल कोणालाच प्रश्न नव्हता.

आमच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी मयताची काळी बस धक्क्यावर आली, वर घरची माणसं आणि पोटातल्या कप्प्यात पेटी. पुढे आणि मागे पांढऱ्या फुलांच्या पाट्या, त्यावर काळ्या अक्षरांत शोकाचा मजकूर. बसमधून वांदोवालीचा मुलगा चिल्बोक उतरला. तो जहाजांच्या कारखान्यात रंगाचं काम करतो. आईचं तोंड जेवढं मोठं, तेवढाच हा गप्प. लहानपणी कोणी त्याची गोटी घेतली तर तो दुसरीही काढून द्यायचा.

मी त्याचे हात हातात घेतले. तो एवढंच म्हणाला, "ताई, आई आली."

मी बस रांगेच्या पुढे आणायला निघाले, कारण आमच्याकडे नेहमी असंच होत आलंय. सोसायटीच्या काळात मयताला तिकीटसुद्धा नसायचं. तेवढ्यात धक्क्याच्या ऑफिसातून मॅनेजर बेक आला. तिशीचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"मावशी, थांबा. ही बस बुकिंगमध्ये नाहीये."

"कशी असेल? म्हातारीनं मरायच्या आधी मोबाईल उघडायला हवा होता का?"

"मी फक्त नियम सांगतोय, मावशी."

"आणि मावशी कोणाची रे मी? तुझ्या आईला विचार, तिला माझ्यासारखी बहीण आहे का."

चिल्बोक मध्ये आला. तो मॅनेजरपुढे वाकून म्हणाला, "साहेब, मी परवापासून प्रयत्न करतोय. तिथे गाडीचा प्रकार विचारतात. मयताची बस असा प्रकारच नाही. मोठी बस निवडली तर जागा संपली म्हणतात."

"मग संध्याकाळची बोट घ्या. तिच्यावर तीन जागा दिसतायत."

मी त्याला सांगितलं की संध्याकाळी कुमोदोला ओहोटी असते. पाणी उतरलं की बोटीला धक्क्याच्या उताराच्या खालच्या टोकाशी लागावं लागतं. तिथे चढ उभा आहे आणि शेवाळ आहे. छोटी गाडी कशीबशी चढते, लांब बसचं नाक जमिनीला लागतं. बस जायची तर याच फेरीनं, पाणी भरलेलं असताना.

"मग उद्या सकाळी."

"उन्हाळा आहे, साहेब," चिल्बोक हळूच म्हणाला.

बेकनं घड्याळ बघितलं. "हे बघा, मला तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण पाहुणे सुट्टीला आलेत. लहान मुलं आहेत. त्यांच्या गाड्यांच्या मधोमध शवपेटी ठेवून मी बोट सोडली तर उद्या मला कंपनीला उत्तर द्यावं लागेल. वेगळी बोट भाड्यानं करा ना. तसे लोक करतात."

कोण लोक करतात? कुमोदोची माणसं या बोटीवर बाळंतपणाला गेली, या बोटीवरून सैन्यात गेली, याच बोटीनं नवऱ्या मुली आल्या. मेल्यावर मात्र त्यांनी वेगळी बोट करायची! मी दारावर उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे केले. गाड्यांना थांबायची ती खूण असते. पुढचा पाहुणा अर्धा उलटा येऊन थांबला आणि मागे भोंगे सुरू झाले.

आत बसलेल्या बेटावरच्या बायकांना एव्हाना कळलं होतं. त्या टोपल्या घेऊन खाली आल्या आणि लोखंडी दारावर मांडी घालून बसल्या. सगळ्यात म्हातारी होती ती ओक्बुन आजी. ती बेकला म्हणाली, "चढव आता गाड्या. आमच्या अंगावरून चढव. आमच्याही मयताचा प्रश्न इथल्या इथे सुटेल."

कप्तान ओ हाकचोल वरून उतरून आले. चांगला माणूस, समुद्रात वाघ, पण किनाऱ्याला लागला की मांजर. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. मला वाटलं, आता हे एक शब्द टाकतील. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "बोटीवर किती वजन चढतं ते मी सांगतो. कोणाचं चढतं ते कंपनी सांगते."

"वांदोवाली तुमच्या लग्नात जेवण रांधायला होती, कप्तानसाहेब."

"मला आठवतंय, मालसून. वजन भरलंय. मी काय करू?"

बंदराचा पोलीस आला. त्यानं सगळं ऐकलं आणि तोही तेच म्हणाला. ठरलेल्या वजनाच्या वर सायकलसुद्धा जाणार नाही, कोणाची गाडी उतरवायची ते तुमचं तुम्ही बघा. आणि तो सावलीत जाऊन उभा राहिला.

बस म्हणजे तीन गाड्यांची जागा. चढलेल्या गाड्यांत पाहुण्यांच्या तीन मोठ्या घरगाड्या होत्या, ज्यांत पलंग आणि स्वयंपाकघर असतं. एक तर नुसत्या खुर्च्या आणि छत्र्यांनी भरलेली. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"त्यांचं बुकिंग आहे," बेक म्हणाला. "बुकिंगवाल्यांना उतरवता येत नाही. बिनबुकिंगच्या तीन गाड्या आत आहेत. त्या उतरवल्या तर जागा होईल."

बिनबुकिंगच्या म्हणजे आमच्याच. दुसिकचा बर्फाचा ट्रक, गावातल्या दुकानाचा टेम्पो, आणि गळकं छप्पर दुरुस्त करायला कौलं घेऊन निघालेला एक म्हातारा. ते तिघे पहाटेपासून रांगेत होते.

दुसिकनं मला एक शब्दही बोलू दिला नाही. तो आपल्या ट्रकमध्ये चढला आणि खिडकीतून ओरडला, "बर्फ वितळलं तर वितळू दे. म्हातारी वितळायला नको." एवढा घाणेरडा विनोद, आणि सगळे हसले, चिल्बोकसुद्धा. वांदोवाली असती तर सगळ्यात मोठ्यानं हसली असती.

तीन गाड्या उतरवायच्या म्हणजे पुढच्या गाड्या आधी बाहेर काढायच्या, मग परत उलट्या आत घ्यायच्या. तास गेला. मी प्रत्येक ठोकळा काढताना आणि घालताना पाण्याकडे बघत होते. धक्क्याच्या भिंतीवरची ओली रेघ दिसायला लागली होती. भरती संपली होती.

शेवटी बस उलटी आत घ्यायची वेळ आली, तेव्हा बेक पुन्हा पुढे आला. आवाज खाली आणून चिल्बोकला म्हणाला, "अजून एक विनंती आहे. त्या फुलांच्या पाट्या तेवढ्या काढून ठेवा. पडदे ओढून घ्या. आणि घरच्यांनी वरच्या हॉलमध्ये बसू नये. काळे कपडे बघून मुलं घाबरतात."

मी काही बोलायच्या आत चिल्बोक बसच्या मागे गेला. त्यानं पाटीच्या तारा सोडवल्या. एक तार बोटात घुसली, ते बोट तोंडात धरून त्यानं दुसऱ्या हातानं उरलेल्या सोडवल्या. मग पुढची पाटी काढली. दोन्ही पाट्या त्यानं सीटखाली उपड्या ठेवल्या आणि मॅनेजरला म्हणाला, "आभारी आहे, साहेब."

ते "आभारी आहे" मी आजही विसरलेले नाही. त्या शब्दांसाठी मला चिल्बोकच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तेवढ्याचसाठी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं.

एका गोष्टीवर मात्र कप्तान अडले. बेकला वाटत होतं की घरच्यांनी बसमध्येच बसून राहावं. कप्तान म्हणाले, "चालत्या बोटीवर गाडीत माणूस ठेवून मी निघत नाही. हा समुद्राचा नियम आहे, तुमच्या कंपनीचा नव्हे." म्हणून घरच्यांना आम्ही खलाशांच्या खोलीत बसवलं. तिथे दोन बाकडी आणि एक पंखा. मी त्यांच्यापुढे कलिंगड कापून ठेवलं. कोणी खाल्लं नाही. पेटीवर घालायचं तांबडं कापड चिल्बोकच्या मांडीवर होतं. त्याच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलेलं. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. बांग सुनदोक.

बोट सुटली तेव्हा लाउडस्पीकरवर घोषणा झाली. ती धक्क्यावरून रेकॉर्ड करून पाठवलेली असते, गोड आवाजाची मुलगी बोलते. यंत्रातील किरकोळ बिघाडामुळे आजच्या फेरीस उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. मी तेव्हा पट्ट्या आवळत होते. शब्द कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत.

कुमोदोला पोचलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं. कप्तानांनी बोट उताराला जितकी वर नेता येईल तितकी नेली, दार टाकलं. मी बसला पुढे बोलावलं. इंच इंच. बसचं नाक उताराला टेकलं, पत्रा करकरला, मागची चाकं अजून दारावरच होती. ड्रायव्हरनं मागे घेऊन तिरपं करून बघितलं. पुन्हा तेच. तो काच खाली करून म्हणाला, "ताई, नाही चढत."

धक्क्यावर सगळं गाव उभं होतं. गावचे पुरुष बोटीवर आले. बसच्या पोटातला कप्पा बाजूनं उघडतो. बस आणि शेजारच्या गाड्या यांच्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट होती. पेटी त्या फटीतून काढायची होती, आडवं होऊन, हातावर हात देत. चिल्बोक डोक्याच्या बाजूला होता. त्याच्या कपाळावरून घाम टपटप पडत होता. बोट लाटेनं हलत होती. उतारावर पोचलेल्या एकाचा पाय शेवाळावर सरकला, पेटी कलंडली, सगळ्यांनी एकदम श्वास ओढला, आणि ती सावरली.

तेवढ्यात बसच्या मागच्या गाडीनं भोंगा वाजवला.

एकदा, छोटा. मला वाटलं चुकून लागला असेल. मग दुसरा, लांब. बसच्या भिंतीवर आपटून तो आवाज पेटीवर आला. ओक्बुन आजीनं कानांवर हात ठेवले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी बसला वळसा घालून मागे गेले होते. माझ्या हातात चाकाखालचा ठोकळा होता. मी तो त्या गाडीच्या दिव्यावर मारला. काच फुटली, पिवळा प्लास्टिकचा तुकडा माझ्या पायावर पडला. आत एक चष्मेवाला माणूस तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता, मागे एक पोरगी रडायला लागली. मी दुसरा दिवाही फोडणार होते. मागून कप्तानांनी माझा दंड धरला.

पेटी खांद्यावर गेली. पुढच्या माणसानं मयताची हाक दिली, बाकीच्यांनी ओढून उत्तर दिलं, आणि ते टेकडीकडे निघाले. गावातला ट्रॅक्टर आला, त्यानं बस ओढली. पुढचा पत्रा फाटला पण ती वर गेली. मग पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक उतरल्या. त्यांना मीच हात दाखवला, कारण दुसरं कोण दाखवणार? परतीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. वांदोवालीवर मूठभर माती टाकायला मला जाता आलं नाही. बोट सुटताना टेकडीवर खांदा देणाऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांचे ठिपके वर चढताना दिसत होते, आणि मी दोर गुंडाळत होते.

बेकनं दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला. त्या चष्मेवाल्या पाहुण्यानं तक्रार केलीय. तो अमुक फेरीनं परत जाईल, तेव्हा मी त्याची माफी मागायची, बेक स्वतः हजर राहील. नाहीतर काम सोडायचं.

नवरा म्हणाला, "माग ना. दोन वाक्यं तर आहेत."

"तुझ्या कमरेची शपथ, मागणार नाही."

कप्तानांनी मला बाजूला घेतलं. "मालसून, तू गेलीस तर ते दोर कधी न धरलेलं पोरगं देतील. कोणाचा तरी पाय जाईल साखळीत. बोटीसाठी माग." बोटीसाठी म्हटल्यावर मागायची, असं मी ठरवलं.

त्या दिवशी बेक मुद्दाम कुमोदोपर्यंत आला होता. परतीची फेरी गच्च भरलेली, बहुतेक वांदोवालीच्या फेरीनं आलेलेच पाहुणे. बोट चालू झाल्यावर तो चष्मेवाल्याला घेऊन खाली गाड्यांच्या डेकवर आला. मी एप्रनला हात पुसले. मान वाकवली. तोंडात शब्द जुळवत होते, तेवढ्यात तो माणूसच म्हणाला, "तुम्हाला एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मला का मारायला आलात? मी खूप विचार केला. मला कळलंच नाही."

"भोंगा वाजवलात म्हणून."

"गाडीत पोरगी होती. एसी बंद करायला लावलेला. हाकदोंगला गाडी लावून आम्ही वर हॉलमध्ये गेलो होतो, खाली आलो तर समोर नुसती काळी बस, खिडक्यांना पडदे. यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं होतं, मला वाटलं पुन्हा बिघडलं आणि आम्हाला कोणी काही सांगत नाहीये."

"पेटी उतरत होती," मी म्हणाले.

"कसली पेटी?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "माझी आई मागच्या हिवाळ्यात गेली," तो म्हणाला. "अहो, मला कोणीतरी सांगायचं होतं. मी उतरून खांदा दिला असता."

बेक मध्ये घाईघाईनं म्हणाला, "सर, गैरसमज झाला, आपण वर जाऊन—"

आणि तेव्हा ती घोषणा माझ्या डोक्यात शिरली. यंत्रातील किरकोळ बिघाड. वांदोवालीला त्यांनी यंत्राचा बिघाड म्हटलं होतं. त्या माणसावरचा माझा सगळा राग गेला आणि दुप्पट होऊन परत आला, पण आता तो कुठे न्यायचा ते मला नीट माहीत होतं.

मी जिना चढून कप्तानांच्या खोलीत गेले. बेक माझ्या मागे पळत आला, "मावशी, मावशी!" करत. भिंतीवर बोटीचा माइक टांगलेला असतो. मी तो काढला. कप्तानांचे हात सुकाणूवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बेककडे, मग समोरच्या पाण्याकडे.

"बटण दाबून धर," ते म्हणाले. "नाहीतर आवाज तुटतो."

मी दाबून धरलं. मला भाषण येत नाही. मी म्हणाले, "ऐका. मी खाली गाड्या लावते ती बाई. तुम्ही आलात त्या दिवशी उशीर झाला. यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्र उत्तम आहे, ऐकू येतंय ना? त्या दिवशी बोटीवर एक बाई मेलेली होती. नाव बांग सुनदोक. ती या बोटीवर तुमच्यापेक्षा जास्त वेळा बसलीय. तिला घरी न्यायचं होतं. कंपनी नाही म्हणाली. मग आमच्याच तीन गाड्या उतरवून तिला जागा केली. तिच्या मुलाला फुलांच्या पाट्या काढायला लावल्या, तुमची सुट्टी खराब होऊ नये म्हणून. तुम्ही सांगितलं होतं का असं करायला? नसेल सांगितलं. तुमच्या नावानं केलं. तिची पेटी त्या गाड्यांच्या फटीतून हातावर काढली आणि तेव्हा तुमच्यातून भोंगा वाजला. कारण तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगितलंय. यापुढे वाजवलेत तर तो तुमचा गुन्हा."

बटण सोडलं तेव्हा माझा अंगठा पांढरा पडला होता. बेक दारात उभा होता, लालबुंद.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत, मावशी?"

"पुन्हा मावशी म्हणालास तर तुला त्या खिडकीतून टाकीन," मी म्हणाले, आणि मला वाटतं त्याचा विश्वास बसला, कारण तो मागे सरकला.

खाली हॉलमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाकदोंगला उतरताना काही जण माझ्याकडे न बघता गेले. एक बाई माझ्या पुढ्यात थांबली आणि वाकली. एक जण जाताना पुटपुटला, "सुट्टीवर आलोय, हे कशाला ऐकवायचं?" चष्मेवाल्यानं दिव्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानं तक्रार मागे घेतली, पण आता ती तक्रार कोणाला हवी होती? माझ्याविरुद्ध कंपनीकडे दुसरंच कारण होतं. त्याच आठवड्यात मला काढलं. कप्तानांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती वाचून खिशात घातली आणि महिनाअखेरीला निवृत्तीचा अर्ज दिला, दिवस भरायच्या आधीच.

मी आता कालवं फोडायच्या शेडमध्ये जाते. हाताला चिरा पडतात, पण बसून काम आहे, आणि बायका सोबत आहेत. बुकिंगचा नियम काही बदलला नाही. गावानं अर्ज केला, कंपनीचं उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

हिवाळ्यात दुसिकचा बाप वारला, तोही किनाऱ्यावरच्या इस्पितळात. या वेळी कोणी मोबाईल उघडला नाही. आदल्या संध्याकाळच्या बोटीनं गावातली निम्मी माणसं हाकदोंगला गेली, मीही. सकाळी मयताची बस रांगेत सगळ्यात पुढे लावली आणि आम्ही तिच्याभोवती उभे राहिलो. पुढे-मागे फुलांच्या पाट्या, दुसिकनं इतक्या मोठ्या आणल्या होत्या की ड्रायव्हरला पुढचं दिसेना. थंडी कडक होती. चिल्बोकही कारखान्यातून सुट्टी काढून आला होता, न बोलावता. तो बसच्या मागे, पाटीला एक हात लावून उभा होता.

बेक ऑफिसातून बाहेर आला. आमच्याकडे आला, चार पावलांवर थांबला. तोंड उघडलं. चिल्बोक त्याला म्हणाला, आवाज न चढवता, "साहेब, आज काही विनंती करू नका."

बेकनं तोंड मिटलं. त्यानं मान खाली घातली. मयतासाठी की हातातल्या फोनसाठी, ते मला कळलं नाही. मग तो बस न अडवता वळून ऑफिसात गेला. मी मात्र ऑफिसचं दार बंद होईपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत राहिले. माझा राग अजून संपलेला नाही.